गोठलेल्या धरणात गळ टाकला त्याची गोष्ट (माझा अनुभव)

मी मूळचा भोरचा. भाटघर धरणाच्या बॅकवॉटरला तात्यांबरोबर, म्हणजे माझ्या चुलत्यांबरोबर, गळ घेऊन बसायचो, डब्यात ओल्या मातीत गांडुळं आणि तात्यांचा एकच नियम, तोंड बंद ठेवायचं. आता कॅनडात ग्वेल्फला राहतो आणि इथल्या हिवाळ्यात चार महिने काय करायचं हा प्रश्न दरवर्षी नव्याने पडतो. ऑफिसमधले दोघं तिघं आइस फिशिंगला, म्हणजे गोठलेल्या पाण्याला भोक पाडून गळ टाकायला जायचे, मला पण चल म्हणायचे, आणि मी पाच वर्षं काहीतरी कारण सांगून टाळलं कारण खरं सांगायचं तर भीती वाटायची. पाण्यावर चालायचं, तेही पोहता येत असून उपयोग नाही अशा पाण्यावर. यंदा ठरवलं, जायचंच.

जागा ठरली बेलवूड लेक, फर्गसच्या थोडं वर. नाव लेक असलं तरी ते धरणच आहे हो. ग्रँड नदीवर 1942 साली शँड डॅम बांधला, त्याच्या मागचं हे पाणी. कॉन्झर्वेशन एरिया, म्हणजे राखीव निसर्ग परिसर आहे, गेटवर पैसे भरून आत जायचं. धरण म्हटल्यावर मला उगाच आपलेपणा वाटला, आणि नंतर कळलं की तिथेच तर खरी गोम आहे.

आधी लायसन्स. आमच्या ऑन्टॅरिओ प्रांतात 18 ते 64 वयाच्या माणसाला लागतंच. आउटडोअर्स कार्ड 8.57 डॉलर, ते 3 वर्षं चालतं, आणि त्यावर वर्षाचं लायसन्स, दोन प्रकारचं, स्पोर्ट आणि कॉन्झर्वेशन. स्पोर्ट 26.57 ला पडलं, कॉन्झर्वेशन 15.07 ला होतं पण त्यात मासे कमी ठेवता येतात, उदाहरणार्थ यलो पर्च स्पोर्टवर 50 आणि दुसऱ्यावर 25. मी ऐटीत स्पोर्ट घेतलं. 50 म्हणे! बायको मालवणची आहे, तिने नुसतं बघितलं माझ्याकडे.

सामान जमवताना मजा आली कारण प्रत्येक वस्तूला आपल्याकडे आधीच शब्द आहे. ऑगर म्हणजे सुताराचं गिरमिट, फक्त कमरेएवढं. स्पड बार म्हणजे सरळ सरळ पहार. भोकातला बर्फाचा चुरा काढायला जे मिळतं ते म्हणजे भज्यांचा झारा, मी दुकानात 12 डॉलरचा हातात घेऊन परत ठेवला आणि घरचाच नेला (हे बायकोला तिसऱ्या रविवारी कळलं). एकाच गोष्टीत कंजूषपणा केला नाही, गळ्यात अडकवायचे आइस पिक्स, दोन मुठी आणि त्यांना टोकदार खिळे, आत पडलात तर बर्फात रोवून स्वतःला बाहेर ओढायला. ऑगर मात्र कोणाकडून तरी जुना घेतला, 6 इंची, हाताने फिरवायचा. घेताना पात्याला बोट लावून पाहिलं असतं तर पुढचं टळलं असतं.

जानेवारीतला पहिला रविवार फुकट गेला. गेटवरच्या मुलीने सांगितलं बर्फ अजून उघडलेला नाही, म्हणजे लोकांना जायला परवानगी नाही. बाहेर उणे 9 होतं आणि मला तर सगळं पांढरंशुभ्र टणक दिसत होतं. तिथेच पार्किंगमध्ये एक म्हातारे गृहस्थ स्लेज गाडीत परत चढवत होते, त्यांनी मला नीट समजावलं, आणि ते मी लिहून ठेवतो कारण आपल्यासारख्या नवख्याला हे कोणी सांगत नाही.

आपल्याकडे धरण पावसाळ्यात भरतं. इथे भरतं वसंतात, बर्फ वितळून जो लोंढा येतो त्याने. म्हणून हिवाळ्यात धरण मुद्दाम खाली करून ठेवतात, लोंढ्याला जागा पाहिजे ना. आता विचार करा, वर बर्फाचं झाकण तयार झालंय आणि खालून पाणी उतरतंय. मधला बर्फ पाण्याबरोबर खाली जातो, तरंगतच असतो, पण काठाजवळचा जमिनीवर टेकतो, तिरका होतो, तडकतो, कुठे कुठे त्याच्याखाली नुसती पोकळी राहते. म्हणजे नैसर्गिक तळ्यात जो काठ सेफ वाटतो तोच इथे दगा देतो. त्यात वरून पडलेला स्नो भिजून गोठतो तो पांढरा थर म्हणजे निम्म्या ताकदीचा, खरा बर्फ तो काळपट निळा, काचेसारखा. माणसाला चालायला तसा 10 सेंटीमीटर पुरतो असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, रेड क्रॉस 15 म्हणतं. माझं वजन बघता मी रेड क्रॉसच्या बाजूने.

दुसरा रविवार दोन आठवड्यांनी. बर्फ उघडला होता, उणे 17, सूर्य आहे पण उपयोग नाही. लोक एका पायवाटेने आत जात होते, मी शहाणा, मला ती लांबची वाटली म्हणून डावीकडून उतरलो. दोन पावलं टाकायची, पहार आपटायची. ठक्. ठक्. मग एकदा डब्ब असा आवाज आला, माठ फुटताना येतो तसा, आणि पहार कोपरापर्यंत आत. भोकातून पाणी वर आलं आणि बुटाभोवती हळूहळू पसरायला लागलं, बर्फावरचा स्नो पिणारं, करडं. मी काही ओरडलो बिरडलो नाही. आल्या पावलांवरच पाय ठेवत मागे आलो, काठावर बसलो, आणि पाच मिनिटं नुसता बसून राहिलो. मग गपचूप सगळ्यांच्या पायवाटेने गेलो.

आत शंभरेक मीटरवर बादली उलटी ठेवली आणि ऑगर लावला. फिरवतोय, फिरवतोय, बर्फाचं पीठ निघतंय नुसतं. पात्याची धार म्हणजे आमच्या आजीची रिटायर झालेली विळी. वीस मिनिटांत हातभर घाम आणि वीतभर पण खड्डा नाही. शेजारी तेच परवाचे आजोबा होते, त्यांनी काही न बोलता त्यांचं ड्रिल आणलं, साधं बॅटरीवालं भिंतीला भोक पाडायचं ड्रिल आणि त्याला जोडलेला ऑगर, आणि दहा दहा सेकंदांत तीन भोकं पाडून दिली. बर्फ 24 सेंटीमीटर भरला. भोकातून खाली पाहिलं तर अगदी काळं, शांत पाणी, गारेगार वाफ, आणि मला एकदम तात्यांची आठवण झाली.

दिवसभरात एकही मासा नाही. दर दहा मिनिटांनी भोकावर साय धरायची, झाऱ्याने काढायची, परत धरायची. फोन तासाभरात थंडीने बंद पडला. दुपारी खालून असा आवाज आला की जणू कोणी लांब मोठा पत्रा हलवतंय, गडगड करत माझ्या खालून पलीकडच्या काठापर्यंत गेला, मी उठून उभा राहिलो आणि बाकी लोक सँडविच खात होते. ते म्हणे चांगलं असतं, बर्फ थंडीने आवळतो प्रसरतो तसा बोलतो. बोलतो म्हणे!

निघताना आजोबांनी विचारलं किती खोल सोडला होतास. मी म्हटलं, असेल सहा सात फूट. ते हसले. पाणी 4 डिग्रीला सगळ्यात जड असतं हे आपण नववीत घोकलेलं, त्याचा अर्थ त्या बर्फावर कळला: हिवाळ्यात बुडाशी वरच्यापेक्षा जास्त ऊब, मासे तिथेच पडून असतात. आधी दोरीला नुसतं वजन लावून तळ शोधायचा, मग आमिष तळापासून फूटभर वर. मी दिवसभर त्यांच्या डोक्यावरून आमिष फिरवत होतो.

तिसरा रविवार फॅमिली डे नावाच्या इथल्या सुट्टीच्या वीकेंडचा, फेब्रुवारीतला. तेव्हा कॅनडात राहणाऱ्यांना ऑन्टॅरिओत लायसन्सशिवाय मासे धरता येतात, लिमिट मात्र कॉन्झर्वेशनवालं. म्हणून बायको आणि नऊ वर्षांची लेक दोघी आल्या. ऑगरला नवीन पाती घातली होती (जुन्या ऑगरपेक्षा पाती महाग, असो), मित्राचा पॉपअप टेंट आणला होता. कापडी टेंट 7 चौरस मीटरच्या आत असला की हटसारखं, म्हणजे बर्फावर उभ्या करायच्या खोपटासारखं, रजिस्ट्रेशन लागत नाही. आत छोटा हीटर, आणि वरची झडप उघडी ठेवायची म्हणजे ठेवायची, बंद तंबूत गॅस पेटवून लोक कायमचे झोपलेत. आमिषाला मिनो, म्हणजे बारके जिवंत मासे, न घेता अळ्या घेतल्या, कारण जिवंत माशांच्या बादलीला नियम फार, ती पाण्यात किंवा पाण्यापासून 30 मीटरच्या आत रिकामी करता येत नाही. माणशी दोन दोऱ्या चालतात, पण मी एकेकच लावली, गुंता कोण सोडवणार.

पहिला मासा अर्थात बायकोला. पर्चचा चावा म्हणजे चावा पण नाही, कांडीचं टोक डास बसल्यावर हलावं इतकंच हलतं. तिने बरोबर झटका दिला. हिरवट पिवळा, अंगावर काळे उभे पट्टे, खालचे पर केशरी, हातभर म्हणावा असं वाटत होतं पण वीतभरच. पाठीवरचा काटा लेकीला बोचला, थोडी रडारड. मग पुढची वीसेक मिनिटं थवा खाली होता आणि आम्हाला बोलायला फुरसत नव्हती, अळी लावा, सोडा, ओढा, आणि तात्यांचा नियम कोणी पाळला नाही. मग एकदम सगळं बंद, जसं कोणी शटर ओढलं. मोजले तर 11. बायकोचे 6, लेकीचे 3, स्पोर्ट लायसन्सवाल्याचे 2.

तोपर्यंत तिला झारा दिसलाच. तो विषय इथे नको.

पर्चची खवलं चिवट असतात, म्हणून सालच काढतात, आम्ही पण तेच केलं. हळद, तिखट, मीठ, आगळ, वरून रवा, आणि तव्यावर. गोड्या पाण्यातला मासा म्हणजे मासा नव्हे असं लग्न झाल्यापासून ऐकतोय, ती पहिला तुकडा खाऊन काही बोलली नाही, दुसरा उचलला.

रात्री तात्यांना व्हिडिओ दाखवला. पांढरं मैदान, त्यात भोक, त्यात दोरी. त्यांनी दोनदा पाहिला आणि विचारलं, "गळाला काय लावलं होतं?" म्हटलं, अळ्या. "का, गांडूळ नाही मिळत व्हय तिकडं?"