जॅकेट-पँटचा हिशोब, चौथा महिना: कोपर जागेवर आलं, गुडघा अजून अर्धा इंच खाली

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. बाइकवर घालायचं संरक्षक जॅकेट आणि पँट माझ्या अंगाला नीट बसवायची, हा सगळा त्याचा हिशोब. उंची ५ फूट २, गाडी मीटिअर ३५० (सीट ७६५ मिमी, पाय टेकतात, म्हणून घेतली, दुसरं काही कारण नाही). रोजचा रस्ता कोलशेत ते ऐरोली, कळवा-विटावा-दिघा करत, आणि महिन्यातून एखादा रविवार कसारा नाहीतर माळशेज. जानेवारीत घोडबंदरला गायमुखच्या अलीकडे मेट्रोच्या पत्र्यांपाशी बारीक खडीवर पुढचं चाक सरकलं. वेग वीस-पंचवीसच असेल. पडले डाव्या कोपरावर. अंगात जॅकेट होतं, जॅकेटात आर्मर (म्हणजे मार झेलणारे पॅड) होतं, तेही वरच्या दर्जाचं, लेव्हल २, आणि तरी दुसऱ्या दिवशी कोपर भरताच्या वांग्यासारखं झालेलं, कारण पडले तेव्हा ते आर्मर कोपरावर नव्हतंच, फिरून हाताच्या आतल्या बाजूला गेलेलं. म्हणजे साडेसहा हजार रुपये देऊन मी महागाची उशी बगलेत घेऊन फिरत होते.

तेव्हापासून हा उद्योग चालू आहे.

ते आर्मर का फिरलं, हे कळायलाच मला महिना लागला. जॅकेट पुरुषांचं एम साइज. खांद्याला मला एस बसतं, पण एसमध्ये बॅक प्रोटेक्टर (पाठीचं आर्मर) टाकला की समोरची चेन छातीवर लागतच नाही, कारण पाठीतली जाडी सगळं कापड मागे ओढून घेते. म्हणून एम घेतलं. एमचा खांदा माझ्या खांद्याच्या दोन बोटं खाली उतरतो, खांदा उतरला की बाही लांब होते, बाही लांब झाली की कोपराचा खिसा मनगटाकडे सरकतो, आणि मग दंड बारीक असल्यामुळे तो खिसा हाताभोवती गोल गोल फिरायला मोकळा. सगळं त्या एका छातीच्या मापापासून सुरू झालं आणि मी बापडी दंडाचे पट्टे आवळत बसले होते.

फेब्रुवारी-मार्च दुकानं पालथी घातली. वाशीला एका दुकानात लेडीज जॅकेट म्हणून जे दाखवलं ते पुरुषांचंच होतं, फक्त शिवणीला गुलाबी पायपिंग. कंबरेला आत नाही, खाली सीटपाशी घेर नाही. गाडीवर बसलं की जॅकेट कुल्ह्यावर अडतं आणि पोटाशी गोळा होऊन वर चढतं, मागून पाठ उघडी. दुकानदार म्हणाला, "मॅडम, आरशात बघा ना, एकदम फिट." आरशात फिटच दिसणार हो, आरशापुढे आपण उभे असतो! मी म्हटलं जरा खाली पार्किंगमध्ये गाडीवर बसून बघते, तर तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी जॅकेट घेऊन थेट पनवेलला पळणार. शेवटी चावी आणि मोबाइल काउंटरवर ठेवून गेले. वॉचमन बाजूला उभा राहून बघतोय, मी बंद गाडीवर हँडल धरून बसलेय, हात पुढे, मान वर, आणि स्वतःच्याच कोपराला चिमटे काढतेय. पण तिथेच कळलं. उभं असताना कोपरावर असलेलं आर्मर हात पुढे केल्यावर दीड इंच वर जातं, त्या जॅकेटात तर दंडावरच आलं. तर मुलींनो, लाजू नका, गाडीवर बसल्याशिवाय पैसे देऊ नका.

लेबलाचं पण एकदा सांगून टाकते कारण दर वेळी तोच गोंधळ. "सीई आहे मॅडम" (सीई म्हणजे युरोपातल्या सुरक्षेच्या नियमांची खूण, ईएन म्हणजे तिथली मानकं) म्हणतात तेव्हा विचारा, काय सीई आहे, आतलं आर्मर की अख्खं जॅकेट? दोन्ही वेगळं. आर्मरवर ईएन १६२१-१ लिहिलेलं असतं, खांदा-कोपर-गुडघा-कुल्हा यांच्यासाठी. चाचणीत ५ किलोचं वजन एक मीटरवरून, म्हणजे ५० जूलने आपटतात आणि पलीकडे किती जोर पोचतो ते मोजतात, सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत असेल तर लेव्हल १, २० पर्यंत असेल तर लेव्हल २. पाठीच्याला वेगळा नंबर, ईएन १६२१-२, तिथे हेच आकडे १८ आणि ९. जॅकेटाचं किंवा पँटचं लेबल ईएन १७०९२, त्यात एएए सगळ्यात वर, मग एए, मग ए. बी म्हणजे घासण्याला ए एवढंच पण आर्मर असलंच पाहिजे असं नाही, आणि सी म्हणजे नुसतं आर्मर धरून ठेवणारं जाळीचं कपडं, रस्त्यावर घासलं तर त्याच्याकडून काही आशा नको. बऱ्याच जॅकेटांत पाठीला जो काळा फोम येतो तो नुसता फोम असतो, काढून हातात घ्या, त्यावर काही छापलंय का बघा.

अजून एक, जे मला कोणी सांगितलं नव्हतं. आर्मरमध्ये टाइप ए आणि टाइप बी असतं (वरच्या जॅकेटाच्या ए-बीशी याचा संबंध नाही). बी नेहमीचं, ए लहान. माझ्या हातात बी म्हणजे शेजारच्या मोठ्या मुलाचं शिनगार्ड घातल्यासारखं. लहान चणीच्या बाईला टाइप ए लेव्हल २ मिळालं तर ते जागेवर राहतं. झाकतं कमी, हे मान्य. पण सरकलेल्या मोठ्यापेक्षा मला हे बरं वाटतं. वाद घालायचा तर घाला.

जॅकेट शेवटी बायकांच्याच कटिंगचं मेश (हवा खेळणारं जाळीचं) घेतलं, कुल्ह्यापाशी दोन्ही बाजूंना चेन आहे, बसलं की उघडते आणि घेर मोकळा होतो. त्या दोन चेनांनी माझा अर्धा प्रश्न सोडवला. एकच त्रास, कॉलरचं वेल्क्रो. वेणी त्यात अशी अडकते की विटाव्याच्या पुलाखाली मान वळवली तर डोळ्यात पाणी. आता वेणी आत टाकून वर सुती बफ (गळ्याभोवतीची कापडी नळी) घालते.

आता पँट. पँटने खरा जीव काढला.

कंबर २९, सीट ४०. पुरुषांच्या पँटमध्ये सीट बसेल असं साइज घेतलं की कंबरेत मागे मूठ जाते. बायकांची म्हणून मिळाली तिची उंची कुठल्या परदेशी पोरीची होती देव जाणे, गुडघ्याचं आर्मर माझ्या नडगीवर. घरी स्टुलावर बसून गुडघ्याच्या वाटीवर खडूने फुली मारली, आर्मरच्या मधोमध दुसरी फुली. दोन फुल्यांमध्ये सव्वादोन इंच. आतल्या खिशाला वर-खाली करायचं वेल्क्रो होतं, ते सगळ्यात वर लावूनसुद्धा दीड इंच कमी पडत होतं.

नौपाड्यातल्या आमच्या नेहमीच्या टेलरकाकांनी कापड बोटांत चोळलं आणि परत दिलं. "सुई मोडेल ताई. आणि नाही मोडली तरी माझा दोरा यात टिकायचा नाही." हे त्यांचं म्हणणं मला पटलं, कारण घसरताना कापड फाटायच्या आधी शिवण उसवते, आणि साध्या दोऱ्याची शिवण तर पहिली. त्यांनीच स्टेशनकडच्या एका बॅग दुरुस्तीवाल्याचा पत्ता दिला. जेमतेम टेबलाएवढी जागा, वर ट्रॉलीबॅगा टांगलेल्या, पण मशीन जाड कामाचं आणि दोरा नायलॉनचा. तिथल्या काकांना आधी वाटलं मी पाऊच घेऊन आलेय. मग त्यांनी पँट उलटी केली, आर्मर बाहेर काढलं, दाबलं, वाकवलं, मला विचारलं, "हे गुडघ्याला? मग नडगीवर कशाला लावलंय?" मी म्हटलं, "काका, तेच तर."

कामं दोनच सांगितली. एक, कंबर. मागची मधली शिवण धरून आत घ्यायला ते निघालेच होते, तिथे मी हात धरला. सीट आणि कुल्ह्याची शिवण अजिबात उसवायची नाही, पडल्यावर तीच रस्त्याला लागते. त्याऐवजी कमरपट्टीतच दोन्ही बाजूंना चार-चार इंच रुंद इलास्टिक. दुसरं, गुडघा. आतल्या अस्तरावर वेल्क्रोची नवी पट्टी दीड इंच वर, आणि टीप फक्त अस्तरातून, बाहेरच्या कापडात सुईचं एक भोक नको. काका त्यावर थांबले. अस्तर आणि बाहेरच्या कापडाच्या मध्ये एक जुना एक्स-रे सरकवला आणि त्यावरून टीप मारली, म्हणजे सुई खाली गेलीच तर करकर आवाज येणार. हे मला आयुष्यात सुचलं नसतं. ४५० रुपये घेतले. मी वर पन्नास द्यायला गेले तर म्हणाले, पडलात तर येऊन सांगा शिवण टिकली का. काय बोलणार!

मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी टेस्ट. पहाटे पाचला निघाले, भिवंडी बायपास, पडघा, शहापूरला वडापाव, कसारा चढून इगतपुरी आणि परत. निघायच्या आधी जॅकेट-पँटवर खडूच्या फुल्या मारल्या, थांबल्या थांबल्या गाडीवर बसूनच तपासल्या. कोपर दोन्ही जागेवर, घाटात उभं राहून चालवल्यावरसुद्धा. गुडघा जाताना जागेवर, येताना डावा अर्धा इंच खाली. घामाने अस्तर मांडीला चिकटतं आणि बसताना पँट खाली ओढली जाते असं मला वाटतंय. आतून पातळ लेगिंग घालून बघणार. इलास्टिक एकदम झकास, शहापूरला दोन वडापाव खाऊनही. येताना दहा वाजताच वासिंदपाशी मेश असूनही भट्टी झाली होती, पण चालत्या गाडीवर चालतं, सिग्नलला मरण.

आईने दारात बघून विचारलं, "हे खडूचं काय लावलंयस अंगभर, कापायला नेणार आहेत का तुला?"

पावसाळ्यासाठी आतला रेन लायनर काढून ठेवलाय. तो कोरडं ठेवतो तुम्हाला, पण बाहेरचं जॅकेट चिंब होऊन दोन किलोचं होतं आणि ऑफिसात टांगायला जागा नसते. त्यापेक्षा वरून घालायचा रेनकोट, एक साइज मोठा, कोपराचं आर्मर आत मावलं पाहिजे.

ग्लोव्हज अजून लटकलेत. पुरुषांचं एस तळव्याला बसतं, बोटांची टोकं रिकामी, क्लच सोडताना ती लिव्हरमध्ये अडकतात. बायकांच्या एका जोडीत बोटं बरोबर आली पण मनगटाचा पट्टा एवढा आखूड की घड्याळ काढावं लागलं. पट्टा मात्र बघाच, ग्लोव्ह बंद करून बोटांकडून जोरात ओढा, निघून आला तर पडल्यावरही निघणार.

बुटांचं त्याहून वाईट. माझा नंबर ३७. दुकानात विचारलं की ४१ पासून सुरुवात, आणि उत्तर एकच, दोन मोजे घाला. पण ढिल्या बुटात गिअरखाली पंजा जातच नाही. ३६-३७ वाल्या कोणी घोटा झाकणारे, ईएन १३६३४ चं (बाइकच्या बुटांचं मानक) लेबल असलेले बूट प्रत्यक्ष पायात घालून घेतले असतील तर नंबर, पंजाची रुंदी आणि तळ किती जाड आहे ते सांगा. माझ्याकडे टाचेला फार तर दोन सेंटीमीटर वाढ चालेल, त्याच्यावर गेलं की गिअरचा लिव्हर परत सेट करावा लागेल.