फ्लेम स्कॅलॉप मरतो तो उपासमारीने

क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्याहून आणलेला लाल झालरीचा फ्लेम स्कॅलॉप, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये पाळायचा शिंपला, पहिले दोन महिने झकास दिसतो. मग एके दिवशी शिंपला आ वासून पडलेला आढळतो आणि मालक अमोनिया, नायट्रेट तपासत बसतो. आकडे बहुधा ठीकच निघतात. इतके दिवस तो अंगातल्या साठ्यावर तगून होता, तो साठा संपला. ‘पाण्यातलंच खातो, वेगळं काही लागत नाही’ असं दुकानात सर्रास सांगतात. पण स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि फिल्टर सॉक (गाळणीची पिशवी) लावलेल्या चकचकीत टँकमध्ये त्याने खावं असं तरंगतच काय असतं?

त्याला हव्यात काही मायक्रॉन आकाराच्या जिवंत शैवालपेशी, त्याही दिवसभर थोड्या थोड्या. वाळवलेल्या पावडरीच्या गुठळ्या होतात. त्या तो चिकट स्रावात गुंडाळून न गिळताच बाहेर टाकतो. सगळीकडे मिळणारं नॅनोक्लोरोप्सिस हे शैवाल जेमतेम २-३ मायक्रॉनचं आणि जाड भिंतीचं, एकट्या त्याच्यावर भागत नाही. आयसोक्रायसिस आणि टेट्रासेल्मिस या शैवालांची जोडी उत्तम. शिंपल्यांच्या हॅचरीतही ही दोन्ही वापरतात.

बाटलीबंद फायटो (असं जिवंत शैवाल) रोज विकत घेणं परवडत नाही, म्हणून घरीच वाढवायचं. दोन लिटरच्या पारदर्शक बाटलीत १.०२०च्या आसपास घनतेचं खारं पाणी घ्या. लिटरला १ मिली साधं ब्लीच घालून रात्रभर ठेवा, सकाळी सोडियम थायोसल्फेटने क्लोरीन मारा आणि किटने तपासून मगच बीज, म्हणजे थोडं जिवंत शैवाल, घाला. एफ/२ हे शैवालाचं खत लेबलवर दिलेल्या मापानेच. हवेसाठी कडक नळी थेट तळापर्यंत सोडा, एअरस्टोन नको. बारीक बुडबुड्यांनी फेस होतो आणि पेशी काचेला चिकटतात. एलईडी ट्यूब १६ तास. आठवड्याभरात रंग गडद झाला की अर्धं काढा, तेवढंच नवं पाणी आणि खत घाला. काढण्याआधी बाटलीतलं नायट्रेट जरूर मोजा. खत उरलेलं असताना ओतलं तर ते सगळं टँकमध्ये जातं आणि महिन्याभरात काचेवर हिरवी शेवाळ धरते. दोन जाती दोन बाटल्यांत, हवेच्या नळ्या वेगळ्या. आर्टेमियाची (माशांना घालायच्या बारीक कोळंबीसदृश जीवांची) सिरिंज तिथे चुकूनही नको. शैवाल खाणारं एखादं सूक्ष्म रोटिफर शिरलं, तर काही दिवसांत बाटली पाण्यासारखी स्वच्छ होते. काढलेलं फायटो फ्रिजमध्ये, रोज एकदा हलवून, दोनेक आठवडे टिकतं.

१५० लिटरच्या टँकला दिवसाला ५० मिलीपासून सुरुवात करा. एकदम ओतू नका. ठरावीक वेळी थोडं थोडं सोडणाऱ्या डोसिंग पंपाने आठ-दहा हप्ते पाडा. स्किमर टायमरवर टाकून फक्त रात्री चालवा, पाण्यातल्या पेशी मारणारा यूव्ही दिवा बंदच.

मुंबईत याला उकाड्याची जोड आहे. पाणी तापलं की प्राण्याची भूक वाढते आणि पाण्यातला ऑक्सिजन घटतो. २४ ते २६ अंश हवेत. पंख्याने पाणी दोनेक अंश उतरतं, पण जुलैच्या दमट हवेत तो नुसताच फिरतो. पाणी थंड करणारा चिलरच घ्या, आणि तो बंद कपाटात कोंबू नका. तीच गरम हवा पुन्हा आत घेत बसतो. उडालेल्या पाण्याची भर शून्य टीडीएसच्या (विरघळलेले क्षार नसलेल्या) आरओ-डीआय फिल्टरच्या पाण्याने. पावसाळ्याच्या तोंडावर नळाला गढूळ पाणी येतं, तेव्हा सेडिमेंट फिल्टर लवकर भरतो. घनता १.०२५, कॅल्शियम ४२० पीपीएमच्या आसपास, तांब्याचं औषध वर्ज्य.

त्याला सावलीतली कपार आवडते. तिथे तो चिवट धाग्यांनी दगड धरतो. ओढून सोडवू नका, आतली ग्रंथी फाटते. दगडासकट हलवा, तेही पाण्याखालीच. शिंपल्या आपटत तो पोहतो, म्हणून पंपाच्या तोंडाला स्पंज लावा. ट्रिगर, पफर हे मासे नकोतच. लखलखणाऱ्या डिस्को स्कॅलॉप या त्याच्या भाऊबंदाची काळजीही अशीच. त्याची चमक विजेची नव्हे. झालरीच्या काठावरचे सिलिकाचे सूक्ष्म गोळे प्रकाश परतवतात.

बाजारातल्या तिसऱ्या आणून टाकायचा मोह आवरा. त्या खाडीतल्या, वाळूत गाडून घेतात आणि मेल्याचं कळतं ते वास आल्यावर. आणि ट्रायडॅक्ना हा महाकाय शिंपला कोणी देऊ केला तरी घेऊ नका. त्याच्या मॅक्झिमा आणि स्क्वामोसा या जाती वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत.

रोज एकदा टॉर्च मारून शिंपल्याची कड पाहा. काठाला पातळ, फिकट नवी पट्टी दिसली तर खुराक पुरतोय. झालर काठापासून आत सरकली असेल तर दोन-तीन आठवड्यांत मात्रा हळूहळू दुप्पट करा. हात फिरवून सावली पाडली तरी शिंपला मिटत नसेल, अलगद स्पर्शालाही नाही, तर लगेच बाहेर काढा, त्याच दिवशी चौथाई पाणी बदला आणि पाणी शुद्ध करणारा सक्रिय कार्बन लावा.