आमची वाटचाल : दोन लाईनींपासून एसआयपी ट्रंकपर्यंत

इचलकरंजीत ईपीएबीएक्स (ऑफिसातले फोन बाहेरच्या लाईनींना जोडणारं मशिन) बसवायला सुरुवात केली तेव्हा भांडवल एवढंच: मोटरसायकल, क्रोन टूल (तारा पट्टीत दाबून बसवायचं हत्यार), मल्टीमीटर आणि टेस्टिंगचा फोन. गिऱ्हाईक म्हणजे सायझिंगवाले, सूतवाले. बाहेरच्या दोन लाईन, आठ एक्स्टेन्शन (आतले फोन), की काम झालं.

मग एका प्रोसेस हाऊसचं (कापडावर प्रक्रिया करणाऱ्या मिलचं) काम आलं. चार ॲनालॉग (साध्या तांब्याच्या) लाईन, आणि रोजची तक्रार: संध्याकाळी फोन लागतच नाही. दोनदा मी टेलिफोन कंपनीच्या एक्स्चेंजवर बोट दाखवून परत आलो, ते चुकलंच. तिसऱ्यांदा क्रोनपाशी, म्हणजे तारा जोडायच्या पट्टीपाशी, ठाण मांडून बसलो. लाईन मोकळी असली की मीटर 48 व्होल्टच्या आसपास दाखवतो, उचलली की आठ-दहावर येतो. चारांतल्या तीन जोड्या आठ-दहावर, आणि ऑफिसात बोलत कुणीच नव्हतं!

कारण असं होतं: कॉल रेकॉर्डेड मेसेजवर जाई, पलीकडचा कंटाळून फोन ठेवी, मशिन मात्र लाईन धरून बसे. साध्या लाईनवर 'पलीकडे फोन ठेवला' हे बहुतेक वेळा नुसत्या टोनवरूनच कळतं. आपल्याकडचा बिझी टोन 400 हर्ट्झचा, पाऊण सेकंद वाजतो, पाऊण सेकंद थांबतो. मशिनमध्ये दुसऱ्याच देशाच्या वेळा भरलेल्या होत्या. त्या बदलल्या आणि लाईनी सुटल्या. त्या दिवसापासून आमच्याकडे नवा मुलगा आला की आधी टोन ऐकायला शिकतो, पंचिंग (तारा पट्टीत दाबणं) नंतर.

पुढे पीआरआय (एकाच जोडणीवर अनेक कॉल नेणारी डिजिटल लाईन) आली. ती ज्या डिजिटल जोडणीवर चालते ती ई-वन. एका ई-वनवर 32 स्लॉट: शून्यावर सिंक (दोन्ही टोकांचा ताल जुळवणं), सोळावर सिग्नलिंग (कॉल जोडण्या-तोडण्याचे संदेश), उरलेल्या 30 वर बोलणं. इथे अंदाज नाही. कोणी केला, कोणाला हवाय, कॉल का तुटला, सगळं संदेशातून येतं. संदेशात कारणाचा क्रमांक 17 आला म्हणजे समोरचा बिझी. तीच ई-वन आर-टू या दुसऱ्या पद्धतीच्या सिग्नलिंगवरही चालते, म्हणून 'ई-वन आहे' एवढं ऐकून आम्ही मशिनचं कार्ड मागवत नाही.

आता एसआयपी, म्हणजे नेटवरून चालणारा फोन. फोन ठेवला की 'बाय' संदेश येतो, पण आवाज वेगळ्या वाटेने जातो. एकाच बाजूचा आवाज येतोय अशी तक्रार आली की राऊटरने ती वाट अडवलीय का, हे आम्ही आधी बघतो.

ते प्रोसेस हाऊसही एसआयपीवर गेलं. गेटवरच्या केबिनमध्ये एक तांब्याची लाईन मात्र आम्ही आग्रहाने ठेवली आहे. तिला वीज एक्स्चेंजच्या बॅटरीतून मिळते. मिलची लाईट आणि नेट दोन्ही गेले तरी अग्निशमन दलाला फोन लागला पाहिजे.