ऐरोलीत कूलर का चालत नाही

मार्च उजाडला की सोसायटीत कुणी ना कुणी लिफ्टपाशी विचारतंच, "कूलर घेऊ की एसी? आणि एसी घेतला तर किती टनाचा?" (टन म्हणजे इथे वजन नव्हे, एसीची गार करण्याची ताकद.) परवा तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहिते.

माझं माहेर जळगावचं. तिथे मे महिन्यात पारा 45 पर्यंत चढतो, पण हवा कोरडीठाक. कूलरच्या गवतावरचं पाणी झपाट्याने वाफ होतं आणि वाफ होताना हवेतली उष्णता ओढून घेतं. लग्नानंतर नवी मुंबईत ऐरोलीला आले, तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात मी हौसेने कूलर आणला. आठवड्याभरात उशा ओलसर, कपाटातल्या साड्यांना कुबट वास, आणि घाम आहे तसाच. खाडीकाठची हवा आधीच पाण्याने जड. ती आणखी पाणी कुठे घेणार?

मग एसी आला. बेडरूम जेमतेम शंभर चौरस फूट, पण "मोठा घ्या, लवकर गार होईल" असं दुकानात सांगितलं, म्हणून दीड टनाचा, साधा. खोली दहा मिनिटांत गार व्हायची आणि कॉम्प्रेसर थांबायचा. हवेतला दमटपणा थंड कॉइलवर पाणी होऊन नळीवाटे बाहेर पडतो, आणि त्यासाठी एसी बराच वेळ सलग चालावा लागतो. सासूबाई थंडीने चादर ओढायच्या, तरी अंग चिकटच.

आता एक टनाचा इन्व्हर्टर एसी आहे. खोली गार झाली की कॉम्प्रेसर वेग कमी करून चालत राहतो, त्यामुळे हवा कोरडी राहते. 26 अंशांवर ठेवून पंखा हळू लावतो. तापमान एक अंश वाढवलं की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं केंद्र सरकारचा ऊर्जा दक्षता ब्युरो म्हणतो. पावसाळ्यात बऱ्याचदा एसीचा नुसता ड्राय मोड, म्हणजे दमटपणा काढण्याची सोय, पुरतो.

पण खरेदीआधी ऊन अडवा. पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा लावण्यापेक्षा बाहेरून बांबूच्या काड्यांची चिक लावलेली कितीतरी बरी, कारण काचेतून आत आलेलं ऊन घरातच कोंडतं. तुमचा मजला शेवटचा आहे. गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग लावायचं आधी कमिटीशी बोला. तसाच तापता स्लॅब राहिला तर एक टन कदाचित पुरणार नाही. संध्याकाळी सहाला पश्चिमेच्या भिंतीला आणि छताला हात लावून बघा, किती तापलंय ते सांगा, मग टन ठरवू.