रेघेखालचा आकडा

फॉर्म्युला वनच्या चालकांच्या कारकिर्दीचे आकडे उतरवून ठेवण्याची माझी एक वही आहे. प्रत्येक चालकाला एक आडवी ओळ आणि त्या ओळीत सात रकाने: शर्यती, विजय, पोल पोझिशन (सुरुवातीच्या रांगेतली पहिली जागा), फास्टेस्ट लॅप (शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरी), पोडियम (पहिल्या तिघांत क्रमांक), गुण आणि विश्वविजेतेपदे. वही सुरू केली तेव्हा मी आधी विजयांचा रकाना भरत असे आणि शर्यतींचा रकाना सवडीने. आता तो क्रम उलटा झाला आहे. कोणत्याही चालकाची ओळ लिहायला घेतली की त्याने किती शर्यती सुरू केल्या हे मी सर्वांत आधी शोधतो, कारण विजयांची संख्या हा अपूर्णांकातला नुसता अंश आहे आणि रेघेखाली कोणता आकडा आहे हे कळल्याशिवाय त्याचे मोल ठरत नाही.

२०२४चा मोसम संपला तेव्हा लुईस हॅमिल्टनच्या नावावर १०५ विजय होते. मायकेल शूमाकरचे ९१ आणि हुआन मॅन्युएल फँजिओचे २४. केवळ हे तीन आकडे शेजारी ठेवले तर फँजिओ पाच वेळा विश्वविजेता झाला होता यावर नव्या वाचकाचा विश्वास बसणार नाही. परंतु १९५०च्या दशकात एका मोसमात बहुधा सात ते नऊ शर्यती होत, आणि २०२४ मध्ये त्या २४ झाल्या. फँजिओने उभ्या कारकिर्दीत ५१ शर्यती सुरू केल्या आणि त्यांतल्या २४ जिंकल्या, म्हणजे शेकडा ४७. अल्बर्टो अस्कारीच्या ३२ शर्यतींत १३ विजय, म्हणजे जवळपास ४१ टक्के. जिम क्लार्कच्या ७२ शर्यतींत २५, म्हणजे ३५च्या किंचित खाली. त्यानंतर शूमाकर ३०६ शर्यतींत २९.७ टक्क्यांवर आणि हॅमिल्टन ३५६ शर्यतींत २९.५ टक्क्यांवर येतो. या हिशेबात मला सर्वांत अधिक थबकायला लावणारी जोडी मात्र आयर्टन सेना आणि अलेन प्रोस्ट यांची आहे. सेनाचे १६१ शर्यतींत ४१ विजय, प्रोस्टचे १९९ शर्यतींत ५१. भागाकार केला की एकाचे २५.५ आणि दुसऱ्याचे २५.६ टक्के येतात. ज्या दोघांच्या चुरशीवर आजही वाद झडतात, त्यांच्यात कारकिर्दीच्या सरासरीने ठेवलेले अंतर जेमतेम एका दशांशाचे आहे.

टक्केवारीही सर्व काही सांगत नाही, हे शूमाकरच्या ओळीवरून मला पहिल्यांदा पटले. त्याचे ९१ही विजय १९९१ ते २००६ या काळातले आहेत. २०१० ते २०१२ या तीन मोसमांत तो मर्सिडीजसाठी परत आला, ५८ शर्यतींत उतरला आणि त्याला एकही विजय मिळाला नाही. २०१२ मध्ये व्हॅलेन्सियाला मिळालेला तिसरा क्रमांक एवढाच त्या काळातला पोडियम. या ५८ शर्यती बाजूला काढल्या तर २४८ शर्यतींत ९१ विजय उरतात आणि टक्केवारी ३६.७वर, म्हणजे क्लार्कच्याही वर जाते. मग खरा आकडा कोणता मानायचा? माझ्या मते २९.७ हाच मानावा. चाळिशी ओलांडल्यावर पुन्हा हेल्मेट चढवणे हा त्याचा स्वतःचा निर्णय होता, आणि आवडत्या चालकाच्या ओळीतून न आवडणारी वर्षे वगळू लागलो तर ती नोंद राहणार नाही, वकिली होईल.

शर्यतींचा रकाना अवघड आहे असे मी म्हणतो, त्याचे कारण ‘शर्यत सुरू केली’ याचा अर्थच वाटतो तितका सरळ नाही. शूमाकरच्या नावापुढे एका ठिकाणी ३०८ तर दुसऱ्या ठिकाणी ३०६ दिसते, आणि पूर्वी मी हा कुणाचा तरी हातचा चुकला असेल असे समजत होतो. चूक कुणाचीच नाही. ३०८ हा नावनोंदणीचा आकडा आहे. १९९६च्या फ्रेंच ग्रां प्रीत (मालिकेतल्या प्रत्येक शर्यतीला ग्रां प्री म्हणतात) शूमाकर पोल पोझिशनवर होता, पण सुरुवातीच्या रांगेत येण्यासाठीच्या फेरीतच त्याचे इंजिन गेले. पोल त्याच्या खात्यात राहिली, शर्यत मात्र राहिली नाही. दुसरा प्रसंग १९९९चा, इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनचा. पहिल्याच फेरीत स्टो वळणावर त्याची गाडी सरळ जाऊन टायरांच्या भिंतीवर आदळली आणि त्याचा पाय मोडला. तोवर मागे सुरुवातीच्या रांगेत अडकलेल्या गाड्यांमुळे शर्यत थांबवणारा लाल झेंडा दाखवला गेला होता. शर्यत पुन्हा नव्याने सुरू झाली, तेव्हा पहिली सुरुवात हिशेबातून गेली आणि तिच्याबरोबर शूमाकरचा सहभागही गेला. ज्या शर्यतीत त्याचा पाय मोडला, ती शर्यत त्याने नियमानुसार सुरूच केली नव्हती.

क्लार्कच्या ७३ नावनोंदण्या आणि ७२ शर्यती यांतला फरक याहून विलक्षण आहे. १९६६ साली फ्रान्समधल्या रीम्सला सरावात भरधाव जात असताना एक पक्षी त्याच्या चेहऱ्यावर आदळला, डोळ्याला इजा झाली आणि त्याला शर्यतीतून माघार घ्यावी लागली. माझ्या वहीत ७२ लिहिले आहे आणि त्या आकड्यावर एक बारीक खूण आहे.

आता कोणती शर्यत विश्वविजेतेपदाची मानायची हा प्रश्न घ्या. १९५० ते १९६० या अकरा वर्षांत अमेरिकेतली इंडियानापोलिस ५०० ही शर्यतही फॉर्म्युला वनच्या जागतिक मालिकेत मोजली जात होती. युरोपातले चालक तिकडे क्वचितच जात आणि तिकडचे चालकही इकडे क्वचितच येत. याचा परिणाम असा की ली वॉलार्ड या चालकाच्या खात्यात दोन शर्यती आणि १९५१चा एक विजय आहे, म्हणजे शेकडा ५०, आणि टक्केवारीच्या यादीत तो फँजिओच्याही वर बसतो. म्हणून अशा याद्यांना किमान शर्यतींची अट घालावी लागते, आणि ती अट किती शर्यतींची असावी हे यादी करणारा ठरवतो. अस्कारीचा सलग नऊ विजयांचा विक्रमही याच शर्यतीत अडकला आहे. १९५२च्या बेल्जियन ग्रां प्रीपासून १९५३च्या बेल्जियन ग्रां प्रीपर्यंत त्याने भाग घेतलेली प्रत्येक शर्यत जिंकली, पण मध्ये १९५३ची इंडियानापोलिस ५०० येते आणि तिथे तो उतरलाच नव्हता. काटेकोर मोजणारे सातवर थांबतात. मी नऊ लिहितो. जी शर्यत तो धावलाच नाही, ती त्याची हार कशी म्हणावी? २०१३ मध्ये सेबास्टियन व्हेटेलने सलग नऊ विजय मिळवले आणि २०२३ मध्ये मॅक्स व्हर्स्टापेनने दहा, तेव्हा हा वाद शिखरापुरता तरी मिटला.

विजयांचा रकाना तरी पक्का असेल असे वाटते, पण तोही पूर्ण पक्का नाही. त्या काळी एका चालकाची गाडी बंद पडली की संघ दुसऱ्या चालकाला थांबवून त्याची गाडी पहिल्याला देऊ शकत असे, आणि गुण दोघांत वाटले जात. १९५१ मध्ये रीम्सला अल्फा रोमिओच्या संघाने लुइजी फाजिओलीला पिटमध्ये, म्हणजे संघाच्या थांब्यावर, बोलावून त्याची गाडी फँजिओला दिली. ती गाडी जिंकली. फाजिओली तेव्हा ५३ वर्षांचा होता आणि ग्रां प्री जिंकणारा सर्वांत वयस्क चालक म्हणून आजही त्याचेच नाव आहे. परंतु अंतिम रेषा ओलांडताना चाकावर हात दुसऱ्याचे होते. १९५६ मध्ये अर्जेंटिनाला लुइजी मुसोची गाडी घेऊन फँजिओच जिंकला, आणि १९५७ मध्ये इंग्लंडमधल्या एंट्री या ठिकाणी टोनी ब्रूक्सची गाडी घेऊन स्टर्लिंग मॉस. या तीन शर्यतींचे सहा विजय नोंदले गेले आहेत. फँजिओच्या २४ पैकी दोन असे आहेत. मी ते कमी करत नाही, कारण तेव्हाच्या नियमात ते बसत होते आणि उरलेले अंतर त्यानेच कापले होते. फक्त पन्नासच्या दशकातला विजय वाचताना तो कुणाच्या गाडीत मिळाला हे एकदा पाहून घेतो.

गुणांच्या रकान्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण वेगवेगळ्या काळांची तुलना करायला तो निरुपयोगी आहे. १९५० मध्ये विजयाला ८ गुण होते, पुढे ९ झाले, १९९१ पासून १० आणि २०१० पासून २५. व्हर्स्टापेनने २०२३ या एकाच मोसमात ५७५ गुण मिळवले. फँजिओची साऱ्या कारकिर्दीची बेरीज त्याच्या निम्मीही होत नाही. ती बेरीज २७७ पूर्णांक ९/१४ अशी आहे, आणि हा अपूर्णांक मला फार प्रिय आहे. फास्टेस्ट लॅपला तेव्हा एक गुण असे. १९५४च्या ब्रिटिश ग्रां प्रीत वेळ पूर्ण सेकंदांतच मोजली गेली आणि सात चालकांची सर्वोत्तम फेरी एकाच वेळेची निघाली, तेव्हा तो एक गुण सात जणांत वाटला गेला. फँजिओच्या बेरजेतला एक सप्तमांश गुण तिथून आला आहे. शिवाय बराच काळ मोसमातले ठरावीक सर्वोत्तम निकालच धरले जात. १९८८ मध्ये प्रोस्टने सर्व शर्यती मिळून १०५ गुण कमावले होते आणि सेनाने ९४, पण सर्वोत्तम अकरा निकाल धरल्यावर सेना ९० आणि प्रोस्ट ८७ असा हिशेब झाला आणि विश्वविजेता सेना ठरला. नियम मोसमाआधीच ठाऊक असल्याने त्यात अन्याय झाला असे मी म्हणणार नाही. सेनाने त्या वर्षी आठ शर्यती जिंकल्या होत्या आणि प्रोस्टने सात.

पोडियमच्या रकान्यात क्लार्कची ओळ सर्वांहून वेगळी दिसते. २५ वेळा पहिला, सहा वेळा तिसरा आणि दुसरा केवळ एकदा, १९६३ मध्ये जर्मनीत. त्याच्या लोटस संघाच्या गाड्या हलक्या आणि वेगवान होत्या पण नाजूक होत्या. टिकल्या तर जिंकत, नाहीतर मोडत. त्या सहा तिसऱ्या क्रमांकांपैकी एक १० सप्टेंबर १९६७चा, इटलीतल्या मॉन्झाचा आहे. क्लार्क आघाडीवर असताना त्याचे टायर पंक्चर झाले आणि ते बदलण्यात तो एक संपूर्ण फेरी मागे पडला. मॉन्झासारख्या ठिकाणी, जिथे गाड्या एकमेकींच्या मागच्या हवेत खेचल्या जातात आणि अंतर वाढवणेच कठीण असते, तिथे त्याने ती गमावलेली फेरी कोणाच्याही अपघाताच्या किंवा झेंड्याच्या मदतीशिवाय भरून काढली आणि पुन्हा पहिला क्रमांक घेतला. शेवटच्या फेरीत इंजिनाला इंधन मिळेनासे झाले. जॉन सर्टीज आणि जॅक ब्रॅबम त्याला मागे टाकून पुढे गेले, सर्टीज जिंकला, आणि क्लार्कची गाडी कशीबशी घरंगळत रेषेपार आली. वहीत या साऱ्याचा आकडा ३ असा आहे. त्याच्या अनेक विजयांपेक्षा मला तो मोठा वाटतो, पण रकान्यात ३च लिहावे लागते आणि तेच योग्य आहे.

शेवटच्या रकान्यात, विश्वविजेतेपदांच्या, स्टर्लिंग मॉसची ओळ आहे. ६६ शर्यती, १६ विजय, १९५५ ते १९५८ अशी सलग चार वर्षे दुसरा क्रमांक. १९५८ मध्ये मॉसने चार शर्यती जिंकल्या आणि माइक हॉथॉर्नने एकच, तरीही ४२ विरुद्ध ४१ अशा एका गुणाने हॉथॉर्न विश्वविजेता झाला. त्या वर्षी पोर्तुगालची शर्यत पोर्तो शहरातल्या रस्त्यांवर झाली होती. ती मॉसने जिंकली. दुसऱ्या आलेल्या हॉथॉर्नची गाडी अखेरीस गिरकी घेऊन बंद पडली होती आणि शर्यतीच्या उलट दिशेने उतारावर ढकलून सुरू केल्याच्या आरोपावरून त्याला बाद करण्याची तयारी पंचांनी केली होती. मॉस स्वतः पंचांकडे गेला आणि हॉथॉर्न तेव्हा मुख्य मार्गावर नव्हे तर बाजूच्या पदपथावर होता, अशी साक्ष त्याने दिली. हॉथॉर्नचे दुसऱ्या क्रमांकाचे सहा आणि फास्टेस्ट लॅपचा एक, असे सात गुण वाचले.

मी एकदा कागद घेऊन ती बेरीज पुन्हा मांडली. त्या मोसमात सर्वोत्तम सहा निकाल धरले जात होते. पोर्तोचे सात गुण काढले तर त्यांच्या जागी हॉथॉर्नला अर्जेंटिनातल्या तिसऱ्या क्रमांकाचे चार गुण धरता आले असते, आणि त्याची बेरीज ३९ झाली असती. मॉसची ४१ होती. माझ्या वहीत मॉसच्या ओळीच्या शेवटी शून्य आहे, आणि त्या शून्याशेजारी पेन्सिलीने ‘पोर्तो, २४ ऑगस्ट १९५८’ असे लिहिले आहे.