दारातली फट

"ही फट चूक नाही, मुद्दाम ठेवलीय," गाडीचे मालक असलेले आजोबा म्हणाले आणि तिचं दार लावून दाखवलं. टक्.

सॅन डिएगोजवळ एन्सिनिटासच्या किनाऱ्यावर आज १९४० ची लाकडी बॉडीची फोर्ड वॅगन पाहिली. आत नवं व्ही-८ इंजिन, एसीसुद्धा. पण अंगावर मेपलची चौकट, महोगनीचे पॅनल, सगळं त्यांनी स्वतः घडवलेलं. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफावीत तसे सांधे! वरून बोट फिरवलं, तर जोड हाताला लागेचना.

समुद्राच्या हवेत लाकूड फुगतं, म्हणून ती फट. आमच्या कोकणातल्या घरी पावसात दार अडलं की सुतारकाका रंधा मारायचे, ते आठवलं.

फोर्ड तेव्हा मिशिगनमधल्या आयर्न माउंटनला स्वतःच्या जंगलातलं लाकूड कापून या बॉड्या बनवायची. पुढे पत्रा आला, आणि त्यावर लाकडाचं नुसतं चित्र. याचं मला खरंच वाईट वाटतं.

"तुमच्यानंतर व्हार्निश कोण करणार?" मी विचारून बसले.

ते काही बोलले नाहीत. फडक्याने दाराची कड पुसत राहिले.

विचारायला नको होतं का?