तीस गुणिले दहा: गोऱ्या त्वचेवर टॅन आणण्याचा माझा अनुभव

टॅन घालवायचा कसा हे कोणालाही विचारा, माणूस बोलायचा थांबत नाही. अंग न भाजता तो आणायचा कसा असं विचारलं की मात्र जो तो एकच हिशोब ऐकवतो. त्या हिशोबाने माझं डोकं एवढं उठवलंय की आधी तेच सांगते.

"उन्हात किती वेळात लाल होतेस? दहा मिनिटांत? मग त्याला एसपीएफने, म्हणजे सनस्क्रीनवरच्या संरक्षणाच्या आकड्याने गुण. तीसचं सनस्क्रीन लाव आणि तीनशे मिनिटं बिनधास्त पडून राहा." म्हणजे पाच तास! हे सांगणाऱ्यांत माझ्यासारखं पांढराफटक एकही नव्हतं, हे विशेष.

पहिली गोची त्या दहाच्या आकड्यातच आहे. उन्हाने आलेली लाली उन्हात बसलेलं असताना धड दिसतच नाही. ती काही तासांनी उमटायला लागते आणि 12 ते 24 तासांनी तिचा कळस होतो. मग दहाव्या मिनिटाला लाल झाले हे कळणार कसं? "लाल दिसलं की उठेन" म्हणणाऱ्याचा कार्यक्रम तोवर आटोपलेला असतो. शिवाय सकाळची दहा मिनिटं आणि भर दुपारची दहा मिनिटं सारखी नसतात.

आता एसपीएफ. तो मोजतात तेव्हा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम सनस्क्रीन लावलेलं असतं. आपण दोन बोटांवर घेतो, चोळतो, झालं. त्यात त्या मात्रेच्या पाव ते निम्मंच अंगाला लागतं. सगळ्या अंगाला खरं तर सुमारे 35 मिली लागतं, म्हणजे चहाचे सात चमचे: दोन हातांना दोन, दोन पायांना दोन, छाती-पोटाला एक, पाठीला एक आणि चेहरा-मान-कानांना मिळून एक. औषधाच्या बाटलीच्या मापाच्या झाकणाने मोजून ओतलं तेव्हा हातावर एवढं थारोळं झालं की हे जिरणार कुठे, असं वाटलं. थोडं लावायचं, मुरू द्यायचं, मग उरलेलं लावायचं, जिरतं. पण 50 मिलीची ट्यूब दुसऱ्या वेळेला पुरत नाही, आणि ट्यूबवर मोठ्या अक्षरांत छापतात तो आकडा; मात्रा मागे, "भरपूर लावा" एवढ्या दोन शब्दांत. भरपूर म्हणजे किती, हे ज्याने त्याने ठरवायचं!

ते पाच तासही टिकत नाही. दर दोन तासांनी पुन्हा लावायचं. पोहलात, घाम आला, टॉवेलने पुसलंत तर लगेच. "वॉटर रेझिस्टंट"वाल्याची हमीसुद्धा 40 नाहीतर 80 मिनिटांचीच असते.

"एवढं लावल्यावर टॅन येणार कुठून?" येतो. 30 एसपीएफ पूर्ण मात्रेत लावलं तरी भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांपैकी साधारण 97 टक्केच अडतात, 50 ने 98. घेताना 'ब्रॉड स्पेक्ट्रम', म्हणजे यूव्हीबी-यूव्हीए दोन्ही अडवणारं बघा, नाहीतर यूव्हीए किरण मोकळेच राहतात.

बाकीचं सोपं गेलं. यूव्ही इंडेक्स (हवामानाच्या अंदाजात मिळणारा किरणांच्या तीव्रतेचा आकडा) 3 ते 5 असताना, स्वतःची सावली स्वतःपेक्षा लांब पडते अशा वेळी थोडा वेळ बसायचं, मग सावलीत. मधले दिवस मोकळे. नवा रंग यायला दोन-तीन दिवस लागतात. "काल काहीच झालं नाही" म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट बसणारे इथेच भाजतात. ढग आहेत म्हणून सूट नाही, पातळ ढगातून बरेच किरण येतात. आणि हो, डॉक्सिसायक्लिनसारखी, त्वचा उन्हाला हळवी करणारी औषधं चालू असतील तर उन्हाचा नाद आधी डॉक्टरांना विचारून.

कान, भांग आणि पावलांची वरची बाजू. सात चमचे मोजणारेही हे विसरतात.

टॅन म्हणजे किरणांनी इजा केल्यावर त्वचेने उभारलेला बचाव, हे मला माहीत आहे, आणि तो बचाव जेमतेम 3-4 एसपीएफएवढा. म्हणून मी फिक्या गव्हाळ रंगावर थांबले. टॅनिंग बेडच्या, म्हणजे यूव्ही दिव्यांखाली झोपून टॅन आणायच्या यंत्राच्या वाटेला गेलेच नाही. 2009 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते तंबाखूच्याच, म्हणजे माणसाला कर्करोग नक्की करणाऱ्या गोष्टींच्या गटात घातले आहेत. त्वचेच्या फिट्झपॅट्रिक वर्गवारीत (ऊन लागल्यावर त्वचा भाजते की रापते यावरून केलेली) पहिल्या प्रकारची, म्हणजे नेहमी भाजणारी आणि कधीच न रापणारी त्वचा असेल, तर ऊन सोडाच. डायहायड्रॉक्सीअ‍ॅसिटोन असलेलं सेल्फ-टॅनर आणा. ते त्वचेच्या वरच्या मृत थराला रंग देतं आणि आठवड्याभरात फिकं होतं. उन्हापासून भरवशाचं संरक्षण देत नाही, तेव्हा सनस्क्रीन आहेच. कोपर, गुडघे, घोटे यांवर अगदी हलक्या हाताने लावा, तिथे रंग जास्त चढतो. आणि लगेच तळहात साबणाने धुवा.